शिट्टीनंतर

नोंदणीच्या नूतनीकरणाला अकरा दिवस उरले होते आणि हर्षालीचे वीस तास अजून बाकी होते. दर पाच वर्षांनी प्रत्येक फिजिओथेरपिस्टने ठरावीक तास नवं काही शिकून राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेला दाखवायचं, नाहीतर दवाखान्याला कुलूप. पूर्वी यासाठी मुंबईला जाऊन कुठल्यातरी सभागृहात दोन दिवस जांभया देत बसावं लागे. २०३८ साली ते सगळं संगणकावर आलं होतं. पेणच्या बाजारात, औषधांच्या दुकानावर तिचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. मधल्या वेळेत तिथेच बसून ती तास भरून काढायची.

यंदा तिने निवडलेल्या अभ्यासक्रमाचं नाव होतं ‘इजेचा माग’. त्यासाठी कुरियरने हातमोज्यांची एक जोडी आली होती. दिसायला वेल्डरच्या मोज्यांसारखे. आत मात्र प्रत्येक बोटापाशी बारीक तारा आणि त्याहून बारीक मोटारी. ते घालून पडद्यावरच्या रुग्णाचा पाय धरला की पाय खरोखर हातात आल्यासारखा वाटे. त्याचं वजन लागे, ऊब लागे, सांधा कुठवर वळतो आणि कुठे अडतो तेही बोटांना कळे.

कल्पना जुनीच होती, फक्त तिला आता यंत्राची जोड मिळाली होती. गुडघा निखळतो तेव्हा वरचं आणि खालचं हाड एकमेकांवर आदळतं आणि हाडाच्या आत मुका मार लागतो. बाहेरून तो दिसत नाही, पण एमआरआयच्या फिल्मवर कित्येक आठवडे दिसतो. मार नेमका कुठे आहे, हाडांना बांधून ठेवणारा कोणता अस्थिबंध तुटला आणि कोणता वाचला, स्नायू ताणलेला होता की ढिला, यावरून जोर कुठून आला, किती आला, आधी काय झालं नि मग काय, ते सांगता येतं. डॉक्टर हे अंदाजाने सांगतच आले होते. हे यंत्र फिल्मवरून तसाच्या तसा गुडघा उभा करायचं आणि तो लाखो तऱ्हांनी लाखो वेळा मोडायचं. त्यातली एक मोड फिल्मशी तंतोतंत जुळली की थांबायचं. मग शिकणाऱ्याला म्हणायचं, आता हे तुमच्या हातांनी करून बघा. कसं तुटलं ते हाताला कळलं, तर कसं जोडायचं तेही कळेल.

शेवटचा गृहपाठ होता स्वतःच्या माहितीतला एक खरा रुग्ण. हर्षालीने वडिलांची फिल्म निवडली.

मोरेश्वर घरत खारशेत गावचा चढाईपटू. २००८च्या मे महिन्यात कबड्डी संघाची निवड चाचणी होती. गावातले दोघे शेवटच्या फेरीपर्यंत पोचले होते, मोरेश्वर आणि त्याचा जिवलग हसुराम भोईर. संघात एकच जागा उरली होती. दोघांना समोरासमोर खेळवलं. मोरेश्वर चढाईला गेला, डाव्या कोपऱ्यातून हसुरामने घोटा धरला, वर आणखी तिघे पडले. ढीग बाजूला झाला तेव्हा मोरेश्वरचा गुडघा भलत्याच दिशेला वळलेला होता. हसुराम लहान मुलासारखा रडला. त्यानेच त्याला पाठीवर घेऊन जीपपर्यंत नेलं. मग हसुरामची निवड झाली, खेळाडू म्हणून त्याला नोकरी लागली. मोरेश्वर गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप चालवत राहिला, लंगडत. पण तीस वर्षांत हसुरामने त्याला एकटं सोडलं नाही. हर्षालीची आई गेली तेव्हा तिरडीला पहिला खांदा त्याचा होता. तीन वर्षांपूर्वी त्याने आपल्या प्रणीलसाठी हर्षालीला मागणी घातली आणि मोरेश्वरने मुलगी हसत दिली.

ती फिल्म वडिलांनी प्रशस्तिपत्रकांबरोबर ट्रंकेत जपून ठेवली होती. हर्षालीने ती यंत्रात भरली. वीस मिनिटांनी पडद्यावर उत्तर आलं.

‘दोन वेगळे आघात. पहिला समोरून, किरकोळ. दुसरा त्यानंतर चार ते नऊ सेकंदांनी. घोटा दोन्ही हातांत पक्का धरून पोटरी बाहेरच्या बाजूला पिळली गेली. त्याच वेळी गुडघ्यावर टाचेचा दाब. करणारी व्यक्ती डावखुरी असण्याची शक्यता ९१ टक्के. दुसऱ्या आघाताच्या वेळी मांडीचे स्नायू सैल. रुग्ण प्रतिकार करत नव्हता.’

खाली सूचना होती : आता स्वतः करा.

तिने मोजे चढवले. घोटा हातात आला. यंत्र सांगेल तसा तिने पीळ दिला. आधी गुडघा अडला, मग आतून काहीतरी कण्हल्यासारखं झालं, मग एकदम पिळलेली ओली चादर फाटावी तसा तो फाटला. तिच्या तळहाताखाली हाडावर हाड घासलं. तिने मोजे ओढून काढले आणि बेसिनपाशी जाऊन ओकली.

तोंड धुऊन वळली तर दारात वडील उभे. मंगळवारी चार वाजता ते व्यायामाला यायचे, हे ती विसरूनच गेली होती.

“हा माझा पाय ना गो?” ते पडद्याकडे बघत म्हणाले.

“गृहपाठ आहे बाबा. बसा तुम्ही.”

ते बसले नाहीत. सावकाश, एकेका अक्षरावर थांबत त्यांनी सगळं वाचलं. “सैल म्हणजे काय?”

“म्हणजे तुम्ही पाय ताठ धरला नव्हता. जोर लावला असता तर मांडीच्या स्नायूतही फाटल्याची खूण दिसली असती. ती नाही.” बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

“पकडीत सापडलेला चढाईपटू पाय सैल सोडत नाही, पोरी. मेला तरी सोडत नाही. रेषा समोर दिसत असते.” पडद्यावरच्या ‘सैल’ शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. “शिट्टी झाली की मगच सोडतो. खेळ संपला म्हणून.”

“बाबा...”

“त्या चौघांत डावखुरा एकच होता.”

“यंत्र आहे ते. एक्क्याण्णव म्हणजे शंभर नव्हे.”

“मोजे दे.”

“कशाला?”

“हाताला काय लागलं ते बघायचंय. त्याच्या हाताला.”

नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता, आणि तीस वर्षं लंगडणाऱ्या माणसाला त्याच्याच गुडघ्याची माहिती नाकारायची कुठल्या तोंडाने? तिने मोजे दिले. त्यांनी घोटा धरला, पीळ दिला. गुडघा फाटला. त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा पँटीच्या आत थरथरला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा फाडला. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा हर्षालीने बटण बंद केलं.

“याला जोर लागतो गो,” ते मोजे काढत म्हणाले. “चुकून होत नाही हे.”

घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. प्रणीलला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाजीबद्दल बोलली. रात्री अभ्यासक्रमाच्या चर्चेच्या पानावर इतरांचे गृहपाठ वाचत बसली. नागपूरच्या एकीने स्वतःच्या आईचा हात भरला होता. आई जिन्यावरून पडली असं घरात सगळे सांगायचे. यंत्र म्हणालं, मनगट धरून मुरगळलेलं आहे. लातूरच्या एकाने धाकट्या भावाचा खांदा भरला, आणि दुसऱ्या दिवशी त्या भावाने काकाच्या डोक्यात पहार घातली. राज्यभर जुनी हाडं बोलायला लागली होती. अभ्यासक्रमवाल्यांनी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, निष्कर्ष केवळ शैक्षणिक उपयोगासाठी.

आठवडाभर तिने सासऱ्यांचे हात बघितले. डाव्या हाताने ते आमटी वाढून घ्यायचे, डाव्या हाताने तिच्या ताटात माशाची मोठी तुकडी सरकवायचे. “खा गो, वाळलीस,” म्हणायचे. शेवटी एका दुपारी, प्रणील बाहेर मोटारसायकल धूत असताना, तिच्या तोंडून गेलंच.

“मामा, बाबांचा पाय मोडला तेव्हा शिट्टी झाली होती का?”

हसुरामचा घास ताटात पडला. कसली शिट्टी, असं त्यांनी विचारलं नाही. “कोणी सांगितलं तुला?” असं विचारलं.

तिला उत्तर मिळालं होतं. ती उठू लागली तेवढ्यात ताटावरून त्यांचा डावा हात आला आणि तिचं मनगट धरून पिळलं. ती गुडघ्यांवर आली. आमटीची वाटी लवंडून तिच्या मांडीवर सांडली.

“मोऱ्याने पाठवलं विचारायला? तीस वर्षांनी? बोल!”

“मामा, हात!”

प्रणील धावत आत आला. “बाबा, काय करताय? सोडा तिला!” त्याने वडिलांना खांद्याला धरून मागे ओढलं. हसुरामने आपल्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं पाहिलं आणि ताट तसंच टाकून घराबाहेर निघून गेले.

तिच्या मनगटावर चार बोटं निळी उठली. आता प्रणीलला सगळं सांगावंच लागलं. त्याने ऐकून घेतलं, बर्फ आणून मनगटाला लावला आणि म्हणाला, “हात उगारला ते चुकलंच त्यांचं. पण एका खेळण्याच्या भरवशावर तू माझ्या बापाला गुन्हेगार ठरवतेस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ती दवाखान्यात आली. शेवटची परीक्षा देऊन तो अभ्यासक्रम एकदाचा संपवायचा होता. पान उघडलं तर वर लिहिलेलं, ‘अभिनंदन! हाताच्या कौशल्यात तुम्ही राज्यात पहिल्या.’ तिला काही कळेना. तिने नोंदी उघडल्या. नऊ दिवसांत तीनशे चाळीस प्रयत्न. सगळे दुपारी दोन ते चार, ती घरोघरच्या रुग्णांकडे जायची त्या वेळेतले. दवाखान्याची दुसरी किल्ली वडिलांकडे असायची.

सुरुवातीचे प्रयत्न धसमुसळे होते. मग नेमके होत गेले. दीडशेच्या पुढे रुग्णच बदललेला होता. तो आता चोवीस वर्षांचा चढाईपटू नव्हता. वय पंचावन्न, वजन ब्याऐंशी किलो, उंची पाच फूट आठ इंच, डावा पाय.

ती सासऱ्यांची मापं होती. पडद्यावर तो गुडघा एकशे नव्वद वेळा तुटला होता. कालचा शेवटचा प्रयत्न दीड सेकंदाचा.

वडिलांचा फोन बंद होता. तिने स्कूटर काढली आणि खारशेतपर्यंत बारा किलोमीटर कशी आली ते तिला नंतर आठवेना.

गावच्या मैदानावर हसुराम रोज सकाळी मुलींच्या संघाला शिकवायचे. ती पोचली तेव्हा मुली कडेला उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. मधोमध मोरेश्वर घरत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मातीला हात लावून कपाळाला लावत होते. ‘हसू, एक चढाई दे मला,’ असं ते म्हणाले होते म्हणे, आणि हसुराम आधी बिचकले, मग मुलींपुढे नाही कसं म्हणायचं म्हणून उभे राहिले. हसुरामना आणून सोडायला आलेला प्रणील कडेला गाडीवर बसून होता. तोही हसत होता. मिटलं वाटतं, असं त्याला वाटलं असावं.

“प्रणील, थांबव त्यांना!” ती ओरडली.

“कबड्डी, कबड्डी, कबड्डी...” मोरेश्वर लंगडत आत शिरले. हसुरामने सवयीने डावा पाय पुढे टाकला. मोरेश्वर पडले. पडले असं सगळ्यांना वाटलं. पण पडता पडता त्यांनी तो घोटा दोन्ही हातांत घेतला आणि अंग टाकून असा हिसका दिला की हसुराम पाठीवर आदळले. मुली हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

हसुरामला कळलं होतं. त्यांनी मोकळ्या पायाची टाच मोरेश्वरच्या तोंडावर हाणली. नाक फुटलं. पुन्हा हाणली, मातीत एक दात पडला. मोरेश्वरच्या हनुवटीवरून रक्ताची धार लागली, पण हात हलले नाहीत. प्रणील धावला. त्याने सासऱ्याच्या पाठीत, मानेत, कानशिलावर बुक्क्या घातल्या. तरी हात सुटेनात तेव्हा त्याने माती सारखी करायचं फावडं उचललं आणि उलट्या दांड्याने खांद्यावर मारलं. हाड वाजलं. एक मुलगी किंचाळत गावाकडे पळाली.

“शिट्टी ऐकली होतीस का हसू?” मोरेश्वर रक्त थुंकत विचारत होते. ओरडत नव्हते. “तेवढंच सांग. ऐकली होतीस का?”

“सोड रे मोऱ्या!”

“ऐकली होतीस का?”

प्रणीलने दांडा पुन्हा वर उचलला.

“ऐकली!” हसुराम किंचाळले. “ऐकली होती रे! एकच जागा होती! तू माझ्यापेक्षा चांगला होतास, मला ठाऊक होतं! ऐकली होती!”

दांडा हवेतच राहिला. प्रणील बापाकडे बघत राहिला. हर्षालीला वाटलं, संपलं. बाबांना हवं होतं ते मिळालं, आता ते सोडतील.

पण ते शब्द मोरेश्वरच्या हातांपर्यंत पोचलेच नाहीत. त्या हातांना नऊ दिवस एकच गोष्ट शिकवली गेली होती आणि ती ते करायला लागले होते. उजवा खांदा खाली गेलेला तिने पाहिला. त्यांची टाच हसुरामच्या गुडघ्यावर आली. पुढे काय होतं ते तिने स्वतःच्या तळहातांनी अनुभवलं होतं. गुडघा पहिल्यांदा अडल्यापासून फाटेपर्यंत दीड सेकंद.

ती मातीत झेपावली. माणसाच्या मुठीत एकच कच्ची जागा असते, अंगठा. तिने वडिलांचा डावा अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सगळं वजन टाकून मागे मोडला.

दोन आवाज आले, एकामागोमाग एक. पहिला अंगठ्याचा. दुसरा गुडघ्याचा, पण अर्धवट. हात सुटल्यामुळे पीळ मध्येच संपला.

हसुराम गुरासारखे ओरडत होते. मोरेश्वर आपल्या लोंबणाऱ्या अंगठ्याकडे आणि मग मुलीकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. कोणाला तरी पहिल्यांदाच पाहावं तसे ते तिला पाहत होते.

इस्पितळात पोलीस आले. हसुरामचा एक अस्थिबंध तुटला होता, बाकीचे वाचले होते. त्यांनी जबाब दिला, “खेळताना लागलं.” शेजारच्या खाटेवर मोरेश्वरनेही तेच सांगितलं. नाक, गळ्याजवळचं हाड, दोन दात, अंगठा, सगळं खेळताना. पोलिसाने दोघांकडे, मग हर्षालीच्या मनगटाकडे पाहिलं, आणि वही मिटली.

ते तीनशे चाळीस प्रयत्न आपले नव्हते हे हर्षालीने परिषदेला स्वतः कळवलं, आणि ते कशासाठी वापरले गेले तेही लिहिलं. तिची नोंदणी तीन महिन्यांसाठी स्थगित झाली. अभ्यासक्रमवाल्यांचं सविनय पत्र आलं. यापुढे मोजे घालणाऱ्याच्या बोटांचे ठसे तपासले जातील, आणि विद्यार्थिसंख्या चौपट झाल्यामुळे खांद्याचा व मानेचा भाग लवकरच येत आहे. ते पत्र घेऊन ती थेट पेणच्या पोस्टात गेली आणि मोजे परत पाठवून दिले.

ते तीन महिने ती घरीच होती. शस्त्रक्रियेनंतर प्रणीलने विचारलं, “बाबांचा गुडघा तू बघशील? मला माहीत आहे, मी कोणत्या तोंडाने विचारतोय.” ती बघू लागली. रोज सकाळी खाटेपाशी बसून ती त्यांचा पाय वाकवायची, सरळ करायची. सासरे छताकडे बघत पडून राहायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “पाठीवर घेतलं तेव्हा रडलो ते खोटं नव्हतं गो.” ती म्हणाली, “पाय सैल सोडा मामा.” त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. प्रणील आणि ती एका घरात राहत होती, एकमेकांना चहा देत होती. रात्री तो कधी कधी म्हणायचा, “मी तुझ्या बाबांना फावड्याने मारलं,” आणि ती म्हणायची, “हो.” याच्या पुढे दोघांनाही जाता येत नव्हतं.

दवाखाना उघडला त्या दिवशी फारसं कोणी आलं नाही. चारच्या सुमाराला जिन्यावर ओळखीची लंगडती पावलं वाजली. मोरेश्वर आत आले. नाक वाकडं बसलं होतं. तीन महिन्यांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. अंगठा ताठ, खुंटीसारखा.

“पंपाचा खटका दाबता येत नाही,” ते म्हणाले.

तिने हात हातात घेतला. सांधा पार आखडला होता. तिने अंगठा हळूच वाकवायला सुरुवात केली तशी त्यांच्या कपाळावर घाम फुटला, पण त्यांनी हात मागे घेतला नाही.

“दुखलं की सांगायचं बाबा. सहन करत बसायचं नाही.”

“सांगितलं तर थांबशील?”

“थांबेन.”

त्यांनी मान हलवली. तिने आणखी थोडं वाकवलं.

“बस,” ते म्हणाले.

ती थांबली.